तकाकी जाईपर्यंत: जलरंगांचं माझं पहिलं प्रदर्शन

२७ ऑक्टोबरला माझी चित्रं प्रदर्शनातून घरी आली. तीन गेली होती, दोन परत आली. जानेवारीत पहिला चांगला कागद आणला तेव्हापासून धरलं, तर दहा महिने होत आले होते. या काळात पडलेल्या प्रश्नांची उत्तरं मला एका जागी कुठेच मिळाली नाहीत. काही चित्र बिघडल्यावर कळली, काही अर्ज परत आल्यावर. नोकरी आणि घर सांभाळून जलरंग करणारं कुणी आपल्या जवळच्या दालनाच्या दारापर्यंत जाऊन परत फिरत असेल, तर त्याच्यासाठी हे क्रमाने लिहिते आहे.

त्याआधीची पाच वर्षं मी साध्या ड्रॉइंगच्या वहीत रंगवत होते. कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यावर दुसरा थर द्यायला गेलं की पहिला उखडायचा, टेप काढताना कडा सोलवटायच्या, आणि मला वाटायचं की आपला हातच जड आहे. जानेवारीच्या पहिल्या रविवारी शंभर टक्के सुती कागदाचा एक पूर्ण ताव आणला. ३०० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं वजन ३०० ग्रॅम), कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खडबडीत पृष्ठभागाचा, ५६ बाय ७६ सेंटीमीटर. दोन आठवडे तो कपाटावर नुसता पडून होता. इतक्या महागाच्या कागदावर चूक करायची माझी हिंमत होत नव्हती. शेवटी एका संध्याकाळी त्याचे चार भाग केले आणि त्यातला एक भाग कापून बोटभर रुंदीच्या पट्ट्या केल्या. या पट्ट्या खराब करण्यासाठीच आहेत, असं स्वतःला सांगितलं. अख्ख्या वर्षात घेतलेला हा सगळ्यात चांगला निर्णय. तुम्हीही कागद आणाल त्याच दिवशी त्याचा एक भाग प्रयोगासाठी कापून टाका. तसं केलं की उरलेल्या कागदाची भीती बरीच कमी होते.

पहिल्याच पट्टीवर फरक दिसला. या कागदाला जिलेटिनची खळ (पाणी लगेच शोषू न देणारा लेप) दिलेली होती, त्यामुळे पाणी लगेच आत शिरत नव्हतं. ते वर रेंगाळत होतं आणि मला विचार करायला वेळ मिळत होता. पहिला थर पूर्ण वाळला की त्यावरून हलक्या हाताने दुसरा फिरवता येत होता आणि खालचा जागचा हलत नव्हता.

फेब्रुवारी आणि मार्च हे दोन महिने मी एकही चित्र केलं नाही, फक्त पट्ट्या केल्या. त्यातला बराचसा वेळ एकाच गोष्टीत गेला: कागद कधी किती ओला आहे हे ओळखणं. ओल्या कागदावर ओला रंग सोडायचा, हे वाचायला सोपं असतं. प्रत्यक्षात ओल्याच्या चार-पाच अवस्था आहेत आणि प्रत्येकीत रंग वेगळं वागतो. आधी पाणी तळ्यासारखं उभं असतं, त्यात रंग सोडला की तो भरकटतो आणि वाळल्यावर जवळजवळ नाहीसा होतो. मग पाणी आत मुरतं, वर सारखी तकाकी राहते. धुकं आणि ढग करायचे ते याच वेळी. त्यानंतर तकाकी मंद होत जाते. कागद डोळ्यांच्या पातळीला आणून तिरक्या उजेडात पाहिला तर ती एका कडेकडून सरकत मागे हटताना दिसते. या वेळी दाट रंग घेऊन ब्रश टेकवला की कडा मऊ राहते, पण आकार जागेवर थांबतो. दूरची झाडं मला इथे सापडली. आणि शेवटची अवस्था फसवी. तकाकी गेलेली असते, कागद कोरडा दिसतो, पण हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श केला तर गार लागतो. गार लागला म्हणजे आत ओल आहे. या वेळी पाण्याने भरलेला ब्रश लावला की ते पाणी अर्धवट वाळलेल्या रंगाचे कण पुढे ढकलत नेतं, ते कडेला जाऊन साचतात आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो. माझ्या जुन्या वहीतलं जवळजवळ प्रत्येक आभाळ अशाच डागांनी खराब झालेलं होतं. कारण कळल्यावर तीच वही मी पुन्हा पहिल्या पानापासून पाहिली, आणि इतक्या वर्षांची एक खंत त्या दिवशी गेली.

प्रत्येक पट्टीच्या मागे मी तारीख, रंगाचं नाव आणि किती मिनिटांनी ब्रश लावला ते लिहीत गेले. दमट दिवशी तकाकी जायला दुप्पट वेळ लागतो हे त्या नोंदींतूनच कळलं. त्यामुळे मिनिटं पाठ करून काही हाती लागत नाही. तकाकीच पाहावी लागते.

बाकीचे प्रयोग थोडक्यात सांगते. मीठ टाकून ताऱ्यांसारखे ठिपके येतात, पण मीठ कागदात राहून ओलावा धरतं म्हणून टिकवायच्या चित्रात ते वापरायचं नाही असं ठरवलं. मास्किंग फ्लुइड (कागदाचा पांढरा भाग रंगापासून राखणारा, नंतर सोलून काढायचा रबरी द्रव) लावण्याआधी ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घ्या, नाहीतर केस चिकटून ब्रश कायमचा जातो. ते लावून दिवसेंदिवस ठेवू नका आणि वर हेअर ड्रायर फिरवू नका. माझ्या एका पट्टीचा वरचा पापुद्राच त्याच्याबरोबर निघून आला.

अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी यांच्या मिश्रणावर मात्र मी दोन आठवडे रमले. अल्ट्रामरीनचे कण जड, ते कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात. भरपूर पाणी घेऊन मिश्रण सोडलं आणि फळी जराशी तिरकी धरली, तर वाळताना दोन्ही रंग थोडे वेगळे होतात आणि करड्या रंगात निळे, तांबूस दाणे दिसायला लागतात. गंजलेल्या लोखंडासाठी याहून चांगलं मिश्रण मला अजून मिळालेलं नाही. एके काळी हा निळा लाजवर्द दगड कुटून काढत आणि त्याची किंमत सोन्याशी केली जाई. १८२८ साली फ्रान्समध्ये ज्यां-बाप्तिस्त गिमे यांना कृत्रिम अल्ट्रामरीनसाठी बक्षीस मिळालं आणि पुढे तो कारखान्यांत बनू लागला. म्हणून आज माझ्यासारखीला तो पट्ट्यांवर हात सैल सोडून वापरता येतो. थॅलो निळ्याचा स्वभाव याच्या अगदी उलट. बारीक कणांचा, कागदात रुतून बसणारा. तो ओल्या ब्रशने उचलून काढायचा प्रयत्न मी सहा वेळा केला, सहाही वेळा मागे निळी छटा उरलीच.

१ मार्चला आणखी एक पट्टी केली. माझ्याकडच्या सगळ्या रंगांचे चौकोन, अर्धा भाग जाड काळ्या कागदाने झाकलेला, आणि ती खिडकीच्या काचेला आतून चिकटवली. रंग उजेडात टिकतात का ते पाहायला. नंतर ती मी विसरून गेले.

एप्रिल-मे मध्ये चित्रं केली. चौदा केली, त्यातली पाच ठेवण्यासारखी झाली. ३०० जीएसएम कागदही भरपूर पाण्याने फुगतो, म्हणून तो आधी काही मिनिटं पाण्यात भिजवून फळीवर पसरायचा, चारही बाजूंनी गोंदाची तपकिरी कागदी पट्टी चिकटवायची आणि फळी आडवीच ठेवून वाळवायचा. एकदा घाईने फळी भिंतीला उभी टेकवली. पाणी खाली उतरलं, वरची बाजू आधी वाळून आवळली गेली आणि रात्री कधीतरी कागद कोपऱ्यातून फाटला. त्यानंतर फळी आडवीच.

१९ मे रोजी जवळच्या दालनाची सूचना वाचली. हौशी आणि नवोदित चित्रकारांसाठी खुलं प्रदर्शन, जास्तीत जास्त तीन प्रवेशिका, शेवटची तारीख ३० जून. अर्जाचा नमुना चार पानी होता. मी तो घेतला आणि आठवडाभर पिशवीतच ठेवला. 'आधीच्या प्रदर्शनांचा तपशील' या रकान्यात लिहायला माझ्याकडे काहीच नव्हतं, आणि तो एक रकाना वाचूनच मला आपण इथल्या नाही असं वाटत होतं. शेवटी फोन करून विचारलं. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "रिकामा सोडा, चालतो. पुष्कळ जण रिकामाच सोडतात." एवढ्या एका वाक्यासाठी मी सात दिवस घालवले होते. शंका असेल तर पहिल्याच दिवशी फोन करा.

अर्जातल्या काही गोष्टी नवख्याला अडकवतात. मापं लिहिताना आधी उंची, मग रुंदी लिहायची. मी उलटं लिहिलं, त्यामुळे आडवं चित्र कागदोपत्री उभं झालं आणि अर्ज दुरुस्तीसाठी परत आला. चित्राचं माप आणि फ्रेमसकट माप असे दोन वेगळे रकाने होते, म्हणजे फ्रेम किती रुंदीची असणार हे तेव्हाच ठरवावं लागलं. माध्यमाच्या जागी 'कागदावर जलरंग' एवढं पुरतं. चित्रांच्या नावांसाठी मी तीन रात्री जागले, अखेर 'धुकं', 'गंजलेलं फाटक' आणि 'साडेसहा' ही साधी नावं लिहिली. शंभर शब्दांचं निवेदन हवं होतं. पहिल्या मसुद्यात मी निसर्गावरच्या प्रेमाबद्दल लिहिलं होतं. ते खोडून पट्ट्यांबद्दल आणि तकाकीबद्दल लिहिलं, आणि ते वीस मिनिटांत पूर्ण झालं.

फोटो काढण्याला अर्जाइतकाच वेळ लागला. स्कॅनरवर कागदाचा पोत सपाट झाला आणि 'धुकं'मधला सगळ्यात फिका थर पूर्ण पांढरा पडला. मग ढगाळ दुपारी, सावलीत, फ्लॅश बंद करून चित्र भिंतीवर सरळ लावलं आणि कॅमेरा बरोबर चित्राच्या मध्याच्या उंचीवर ठेवला. कॅमेरा जरा जरी तिरका असला तरी चौकोन एका बाजूला निमुळता येतो. चित्राशेजारी पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवला, म्हणजे नंतर रंग जुळवताना पांढरं कुठलं हे कळतं. फोटो काच लावण्याआधीच काढा.

किंमत ठरवणं सगळ्यात अवघड गेलं. विक्री झाली तर दालन तीस टक्के कापून घेणार होतं. आपल्या चित्राला किंमत लावताना मला लाज वाटत होती आणि राग पण येत होता, कशाचा ते सांगता येणार नाही. एका अनुभवी ओळखीच्या ताईंनी सांगितलं की क्षेत्रफळावर दर धर, त्यात फ्रेमचा खर्च मिळव, आणि सारख्या मापाच्या दोन चित्रांना वेगळी किंमत लावू नकोस. तसंच केलं. २७ जूनला अर्ज, शुल्क आणि हमीपत्र दिलं. शुल्क परत मिळत नाही, ने-आण करताना चित्राला काही झालं तर जबाबदारी आपली, आणि छापील पत्रकासाठी ते फोटो वापरू शकतात, असं त्या हमीपत्रात होतं. वाचून सही करा. पोचपावती जपून ठेवा, पुढे तीन वेळा मागितली जाते.

मग साडेसहा आठवडे काहीच नाही. या काळात मी रंगवू शकले नाही. ब्रश हातात घेतला की निवड समितीचं काय होईल हेच डोक्यात.

१२ ऑगस्टला पत्र आलं. तिन्ही चित्रं निवडली गेली होती. मी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून ते चार वेळा वाचलं.

दोन दिवसांनी खिडकी पुसताना ती मार्चमधली पट्टी हाताला लागली. काळा कागद काढला. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, थॅलो यांच्या झाकलेल्या आणि उघड्या भागांत फरकच कळत नव्हता. पण शेवटच्या चौकोनात झाकलेला अर्धा भाग झगझगीत गुलाबी होता आणि उघडा अर्धा भाग मळक्या फिक्या रंगाचा. साडेपाच महिन्यांत तो गुलाबी जवळजवळ उडून गेला होता. आणि 'साडेसहा'मधल्या प्रत्येक ढगाच्या पोटाला मी तोच लावला होता.

ट्यूब शोधून मागचं बारीक अक्षर वाचलं. त्यात टिकाऊ रंगद्रव्याबरोबर चमकणारा डाय मिसळलेला होता, आणि तो डायच उडतो. रंगाच्या नावावर जाऊ नये, ट्यूबवर छापलेला रंगद्रव्याचा कोड पाहावा, हे मी तेव्हा शिकले. पीव्ही १९ या कोडचा क्विनाक्रिडोन रोझ चांगला टिकतो. पीआर ८३ म्हणजे अस्सल अलिझरिन क्रिमझन, तो सुंदर आहे पण उडतो. जलरंगात रंगाचा थर इतका पातळ असतो की उजेड थेट कणांपर्यंत पोचतो. ब्रिटनमध्ये १८८८ साली रसेल आणि ॲबनी यांनी जलरंगांवर होणाऱ्या उजेडाच्या परिणामांचा सविस्तर अहवाल दिला होता, म्हणजे ही चिंता काही आजची नाही. हेन्री व्हॉन या संग्राहकाने इंग्रज चित्रकार टर्नरची ३८ जलरंगचित्रं मृत्युपत्राने एडिंबरोच्या राष्ट्रीय दालनाला दिली, ती १९०० साली तिथे आली, आणि त्याने अट घातली होती की ती फक्त जानेवारीत दाखवावीत, कारण तिथे त्या महिन्यात उजेड सगळ्यात मंद असतो. हे वाचलं तेव्हा 'साडेसहा' माझ्या समोर टेबलावर होतं. मी त्यावर टॉवेल टाकला.

कुणीतरी आपल्या कमाईतून ते घेणार, भिंतीवर लावणार आणि वर्षभरात ढग मातकट होणार, हे मला सहनच होईना. दालनाला पत्र लिहिलं: नव्या रंगात पुन्हा केलेलं चित्र देऊ का? नऊ दिवसांनी उत्तर आलं. निवडलेलं चित्र बदलता येत नाही. मागे घेता येईल किंवा 'विक्रीसाठी नाही' असं लिहून लावता येईल, त्यासाठी पुरवणी अर्ज भरावा. मी दुसरा पर्याय घेतला. तीन आठवड्यांचं मंद उजेडातलं प्रदर्शन त्याला सोसलं असतं.

सप्टेंबर फ्रेममध्ये गेला. वर्षभराचा कागद, रंग, ब्रश यांचा सगळा खर्च एकीकडे आणि तीन फ्रेमचा खर्च दुसरीकडे ठेवला तर फ्रेमचं पारडं जड होतं, त्यामुळे हे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा. पहिल्या कारागिराने 'धुकं' माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, जी काच चित्रापासून दूर ठेवते) न लावता थेट काचेला भिडवून दिलं. काचेवर दव धरलं तर कागद तिला चिकटतो, म्हणून परत उघडायला लावलं. उघडल्यावर दिसलं की चित्र मागून साध्या चिकटपट्टीने चिकटवलं होतं. ती पट्टी सोडवताना माझे हात थरथरत होते. दुसऱ्या ठिकाणी काय हवं ते कागदावर लिहून दिलं: आम्लमुक्त माउंट, चित्र फक्त वरच्या दोन ठिकाणी जपानी कागदाच्या पट्ट्यांनी आणि गव्हाच्या खळीने टांगलेलं, आणि काच चित्रापासून सुटी. चित्र असं वरून लोंबतं ठेवलं की हवेतल्या ओलीप्रमाणे कागदाला हलायला जागा मिळते. मागे दोन्ही बाजूंना, वरून साधारण एक तृतीयांशावर, कड्या लावून त्यांतून तार ओवायची, ही दालनाची अट होती. दातेरी खिळपट्टी चालत नव्हती.

३ ऑक्टोबरला चित्रं नेऊन दिली. प्रत्येकाच्या मागे नाव, माप, किंमत आणि 'वरची बाजू' असा बाण. स्वीकारणाऱ्या मुलाने काचेचे कोपरे, तार, मागचं लेबल पाहिलं आणि तीन शिक्के मारले. चित्रांचा मध्य जमिनीपासून दीडएक मीटरवर येईल अशी ती लागली. दिवे मुद्दाम मंद होते. ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास ठेवतो, असं तिथल्या बाईंनी सांगितलं, फोनवर बोललेल्या त्याच.

६ तारखेला उद्घाटन होतं. मी आपल्या चित्रांपासून दूर, दुसऱ्या भिंतीपाशी उभी राहिले. लोक येत होते, बहुतेक जण दोन-तीन सेकंद थांबून पुढे जात होते. ते मनाला लागलं, खरं सांगते. पण मी तरी दुसऱ्यांच्या चित्रांपुढे किती थांबले होते? मग मी परत पहिल्यापासून फिरले आणि प्रत्येक चित्रापुढे नीट थांबले.

दुसऱ्या रविवारी एक वयस्कर गृहस्थ 'धुकं'पुढे बराच वेळ होते. बाजूला होऊन त्यांनी कागदाकडे तिरकं पाहिलं, मी घरी पाहते तसंच. मी जवळ गेले.

"हे तुमचं?"

"हो."

त्यांनी दूरच्या झाडांच्या रांगेकडे बोट केलं. "इथे किती थांबलात?"

"तकाकी जाईपर्यंत," मी म्हणाले. "जायला लागली होती, पूर्ण गेली नव्हती."

"डाव्या बाजूला आधी गेली," ते म्हणाले. खरंच गेली होती. डावीकडची दोन झाडं उरलेल्यांपेक्षा जरा कडक आहेत, आणि ते माझ्याशिवाय कुणाला दिसेल असं मला वाटलं नव्हतं.

'धुकं' शेवटच्या आठवड्यात विकलं गेलं, त्यांनी नव्हे, एका तरुण जोडप्याने घेतलं. मी पाकिटावर रंगांचे कोड लिहून दिले, आणि थेट उन्हात किंवा ओल्या भिंतीवर लावू नका असंही. कापून आलेले पैसे पाच आठवड्यांनी जमा झाले. त्यासाठी बँकेचा तपशील आणि पोचपावतीची प्रत पुन्हा द्यावी लागली.

'गंजलेलं फाटक' आता बाहेरच्या खोलीत आहे. 'साडेसहा' आतल्या बोळात लावलंय, तिथे खिडकी नाही. त्याचंच नवं रूप सध्या फळीवर आहे, ढगांच्या पोटाला या वेळी पीव्ही १९. पहिला थर दिल्याला वीस मिनिटं होऊन गेली. आत्ताच हात लावून पाहिला, कागद अजून गार लागतोय.